जुळणीचे सहा तास

काचेच्या दाराला तिनं कार्ड पुन्हा पुन्हा लावून पाहिलं, तरी तांबडा दिवा काही हिरवा होईना. आत चहाचा कप घेऊन उभा असलेला एक उंच तरुण मजेत बघत होता. शेवटी त्यानंच दार उघडलं.

"आमचं दार तुम्हाला ओळखत नाही वाटतं..."

"म्हणून तर मला बोलावलंय," ती म्हणाली आणि तरातरा आत गेली.

दोन भावांच्या दोन कंपन्या. दोन्हीकडच्या माणसांची खाती वेगवेगळ्या सर्व्हरवर, त्यामुळे इकडचा माणूस तिकडच्या सर्व्हरला परका. आता मेल, प्रिंटर, फायली सगळं सामायिक करायचं, तर खर्च किती येईल? तो अंदाज काढायला धाकट्याकडून ती आली होती. आणि थोरल्याकडून नेमका तोच, चहाबाज!

महिनाभर दोघं एका टेबलावर बसले. प्रिंटरवरून तर कडाक्याचं भांडण झालं. हरला की तो खुदकन हसायचा, आणि तिचा सगळा राग विरघळायचा. घरी वहिनीनं हटकलंच, "खर्चाचा अंदाज काढायला रोज नवे कानातले लागतात होय गं?"

आज अंदाज दोन्ही साहेबांकडे जायचा होता. तो गेला की भेटीचं निमित्तही गेलं. आणि हा पठ्ठ्या तोंड उघडेल तर शपथ! हिरमुसून ती त्याचा भाग तपासू लागली आणि थबकली. *दोन्हीकडच्या खात्यांची जुळणी : दर आठवड्याला सहा तास, दोघांनी समोरासमोर बसून. कायम.*

"अहो, हे काम साधा प्रोग्राम आपोआप करतो. माहीत नाही तुम्हाला?"

"माहीत आहे की..."

"मग?"

"चुकून... राहिलं असेल."

"चुकून? दर आठवड्याला? कायम?"

त्याच्या कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या. तिला इतका आनंद झाला की हसू आवरेना. पण काम म्हणजे काम. तिनं ती ओळ सरळ उडवली.

त्याचा चेहरा पडला. "बरोबर केलंत. कंपनीला उगाच भुर्दंड."

"तेच म्हणतेय मी. मला भेटायचं, तर कंपनीच्या खर्चानं कशाला?" तिनं लॅपटॉप मिटला. "स्वतःच्या खर्चानं भेटा. आवडता तुम्ही मला. आता तरी बोलाल?"

तो खुर्ची तिच्याजवळ ओढून हळूच म्हणाला,

"खरं सांगू? साहेब ओरडतील म्हणून... सहा तास मी फार कमी धरले होते."