अंगवळण

तासगावजवळच्या त्या डोंगरउतारावर पूर्वी बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज होतं. आता तिथे बर्फ असतो. यंत्रानं पाडलेला का होईना, पण आपटल्यावर खऱ्याइतकाच दुखतो, असं तिथली पोरं सांगतात. हिमालयातला बर्फ बेभरवशाचा झाला, तेव्हा कुणाच्या तरी डोक्यात आलं की गारवा करायची यंत्रं आपल्याकडे आहेतच, छप्पर तेवढं उतारावर लांबवायचं. झालं! बाहेर द्राक्षबागा उन्हात रखरखतात आणि आत माणसं कानटोप्या घालून, पायाला फळी बांधून घसरत असतात. गावाला आता त्याचं नवलही उरलेलं नाही.

त्या दुपारी मेघना शिरतोडे पुन्हा एकदा बर्फात तोंडघशी पडली. वेगानं घसरत यायचं, बर्फाच्या उंचवट्यावरून हवेत उडायचं, स्वतःभोवती एक पूर्ण गिरकी घ्यायची आणि गुडघे सैल ठेवून उतरायचं, एवढंच तिला करायचं होतं. म्हणे एवढंच! तिची गिरकी उंचवट्याचं टोक यायच्या आतच सुरू व्हायची आणि तिला आडवी फेकायची.

"लागलं का गं?" काठावर चाकांच्या खुर्चीत बसलेल्या थोरल्या भावानं, संग्रामनं विचारलं.

"न्हाई," ती तोंडातला बर्फ थुंकत म्हणाली. "तुझी गिरकी लई आगाऊ हाय दादा. माझं ऐकतच न्हाई."

हे ती गमतीनं म्हणत नव्हती. गिरकी खरोखरच संग्रामची होती आणि ती मेघनाच्या अंगावरच्या काळ्या कोटात होती. म्हणायचा कोट, पण तो मानेपासून घोट्यापर्यंत अंगाला चिकटून बसायचा. त्याचे धागे स्नायूंसारखे आखडत आणि सैल पडत. जाणत्या माणसानं तो घालून उडी मारली, की त्याची प्रत्येक हालचाल धाग्यांच्या ताणात मुरायची. मग तोच कोट शिकाऊ माणसाला घातला की योग्य क्षणी खांदा ओढायचा, गुडघा उचलायचा, मान वळवायची. असं करत करत ते अंगवळणी पडायचं. कंपनीनं दिलेलं नाव कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून तिथं शिकवणाऱ्या तांबोळी सरांनी त्याला 'अंगवळणी कोट' म्हणायला सुरुवात केली आणि सगळ्यांनी तेच उचललं. त्यात एकच खोट होती. धाग्यात मुरलेल्या त्या वळणाची नक्कल काढता येत नसे.

संग्रामनं या कोटात आपली गिरकी भरली, त्यानंतर थोड्याच दिवसांनी तो हिमालयात औलीच्या डोंगरावर पातळ बर्फाखालच्या खडकावर आदळला. कमरेखालचं अंग गेलं. घरी आल्यावर त्यानं एकदा हट्टानं कोट चढवून घेतला होता. धाग्यांनी त्याचे पाय ओढून पाहिले, पण कुलूप लावलेल्या घराचं दार वाजवावं तसं झालं. आतून कुणी ओ दिली नाही. त्यानं कोट काढला आणि पुढं कितीतरी दिवस त्याच्याकडे पाहिलंही नाही.

आणि मेघनाला तो कोट जिवापाड आवडायचा. उडण्याआधी दादाचा डावा खांदा किंचित वर जायचा. लहानपणी गणपतीचा रथ दिसावा म्हणून तो तिला खांद्यावर घ्यायचा, तेव्हाही तो खांदा तसाच उचलला जायचा. आता तो झटका तिला आपल्याच अंगात जाणवायचा. दादा अजून धावत होता, उडत होता, ते फक्त या कोटात. पडून पडून अंग काळंनिळं झालं तरी ती कोट उतरवायला तयार नसायची ती त्यामुळेच.

तांबोळी सरांनी तिची उडी पडद्यावर सावकाश लावली. "बघ, इथं बिघडतंय. पण का, ते काही कळत नाही बुवा."

संग्राम पुढं झुकून बघत होता. एकाएकी तो खो-खो हसत सुटला. "आगं येडे! तू मल्लखांबाला नमस्कार करतीयस की!"

मेघना बघतच राहिली. खरंच की! उंचवटा जवळ आला की तिचा उजवा हात नकळत खाली जाऊन बर्फाला शिवत होता आणि कपाळाला लागत होता. लहानपणापासून ती तालमीत मल्लखांब करायची. खांबाला हात लावून नमस्कार केल्याशिवाय कधी चढली नव्हती. आपण हे इथंही करतो, याचा तिला पत्ताच नव्हता.

"आत्ता उजेड पडला," सर म्हणाले. "उडण्याआधी संग्राम असाच वाकायचा. त्यामुळं ही नमस्काराला वाकली, की कोटाला वाटतं उडी आली. तो लगेच गिरकी सुरू करतो."

"मग मी नमस्कार सोडते."

तिनं सोडून पाहिला. हात आवरला की सगळं अंगच ताठरायचं आणि मग उडीच बसायची नाही. शेवटी सर चाचरत म्हणाले, "एक उपाय आहे. कोट शिकवतो तसा शिकतोही. कॉलरमागची कळ फिरवली की तो ओढायचं थांबवेल आणि तुझं वळण उचलेल. फक्त..." त्यांनी संग्रामकडे पाहिलं. "आधीचं पुसलं जाईल."

"अजिबात नाही!" मेघना ओरडलीच. "मला नको गिरकी. औलीच्या संघनिवडीला मी जातच नाही. दादाचं एवढंच तर उरलंय!"

संग्रामनं खुर्ची तिच्याजवळ आणली. मग हळू आवाजात म्हणाला, "एवढंच उरलंय होय माझं? आणि मी कोण, खुर्ची?"

मेघनाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"रडू नको. मलाही जड जातंय, खोटं कशाला बोलू? पण तू माझी गिरकी जपत बसलीस, तर रोज पडशील. मी रोज काठावर बसून तुला पडताना बघू का? एकदा तुझी तू घेऊन दाखव. वाक जरा."

ती वाकली. मानेमागं त्याची बोटं चाचपडली, क्षणभर थांबली आणि कळ फिरली.

कोट अंगावर एकदम सैल पडला. आता ओढणारं, सावरणारं कुणी नव्हतं. पहिल्या उडीत ती अर्धी फिरून पडली. दुसरीतही पडली, पण तेव्हा धाग्यांत उरलेल्या जुन्या ताणातून दादाचा खांदा पुसटसा जाणवला. मग पडत, उठत ती वर जात राहिली आणि दर खेपेला तो खांदा आणखी पुसट होत गेला. शेवटी ती उताराच्या माथ्यावरून निघाली तेव्हा तो उरलाच नव्हता. उंचवटा आला. तिनं बर्फाला हात लावला, कपाळाला लावला, टोकावरून सुटली, नजर खांद्यावरून मागं फेकली आणि नजरेमागोमाग अंग फिरलं. गुडघे सैल सोडून ती उतरली आणि उभी राहिली. तांबोळी सर मुलासारखे नाचत होते. मेघना मात्र हमसून हमसून रडत दादाजवळ येऊन बसली.

"भले बहाद्दर!" त्यानं तिच्या पाठीत धपाटा घातला. "आता काढ तो कोट आणि मला चढव. बघू दे की, माझी बहीण कशी उडते ते."

सरांनी आणि तिनं मिळून त्याला कोट चढवला. सरांनी कळ उलटी फिरवली. कोट चालू असल्याचा हिरवा दिवा कॉलरवर लागला. संग्रामचा उजवा हात आपसूक खाली गेला, खुर्चीच्या चाकाला शिवला आणि कपाळाला लागला.

"आयला!" तो हसला. "जन्मात कधी नमस्कार केला नव्हता मी."

मग त्याचे खांदे वळले, मान फिरली. बसल्या जागी त्यानं बहिणीची अख्खी गिरकी घेतली आणि डोळे मिटून घेतले. मांड्यांवर धागे आखडले, सैल झाले. पाय पूर्वीसारखेच पडून राहिले. हिरवा दिवा विझला. त्याच्या पायांतले मोजे सरळ करायला मेघना खाली वाकली आणि तिथंच थबकली.

"सर," तिनं दबक्या आवाजात हाक मारली, "कोट बंद झालाय ना?"

"केव्हाच. का गं?"

ती दादाच्या उजव्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होती. तो आता निश्चल होता. पण क्षणापूर्वी, दिवा विझल्यानंतर, तो हलला होता. कोटानं नाही, तर मग कुणी हलवला?