तापवलेल्या तांब्याचं वजन

"माझी बायको जिन्यावरून पडली नाही. तिला ढकललंय," आत येताच तो गृहस्थ म्हणाला आणि मगच खुर्चीवर टेकला.

वहिनी खासगी तपासाच्या कामात मुरलेल्या होत्या. शेजारी बसलेले त्यांचे दीर, भावोजी, बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्यांची गाडी चालवत आणि दिसेल त्याच्यावर संशय घेत.

"कशावरून म्हणता?" वहिनींनी विचारलं.

"मागच्या जिन्याच्या दाराला व्हरांड्याच्या बाजूने कडी घातलेली होती. खाली पडलेली बाई वर येऊन कडी लावेल का?"

त्याची बायको शिक्षक घडवणाऱ्या महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवायची. आता ती डोक्याला मार लागून दवाखान्यात बेशुद्ध होती. त्या संध्याकाळी इमारतीत तिच्याशिवाय तिचे तीन प्रशिक्षणार्थीच होते.

"त्या दिवशी सकाळीच म्हणाली होती, तिघांपैकी एकाला वर्गावर उभं राहू देणार नाही. कोण, ते सांगेना. आधी खात्री करते म्हणाली." तो पुढे म्हणाला, "परवापासून ते तिघंही शाळांत शिकवायला जाणार आहेत."

प्रयोगशाळेत स्वतंत्र दारांच्या तीन खोल्या होत्या. मॅडमनी तिघांना एकच काम दिलं होतं. एकाच बाटलीतली तांब्याची कोरडी पूड चिनी मातीच्या वाटीत घ्यायची, वजन करायचं, उघड्यावर तापवायची, गार झाल्यावर पुन्हा वजन करायचं. काय निष्पन्न होईल ते त्यांनी मुद्दाम सांगितलं नव्हतं.

पहिली आली ती, जिला सगळे काकू म्हणत. दोन मुलांची आई, संसारातून वेळ काढून शिकणारी.

"मॅडम आदल्या दिवशी तुमच्यावर ओरडल्या होत्या?"

"हो, सगळ्यांसमोर. पण म्हणून मी त्यांना..." तिने पदर मुठीत धरला. "मी खोलीतच होते. वजन वाढलं. वाटलं, माझंच चुकलं, म्हणून पुन्हा केलं. तरी वाढलं. का, ते नाही सांगता येत मला."

ती बाहेर जाताच भावोजी कुजबुजले, "हीच ती! जळलेली वस्तू कधी जड होते का? ढीगभर लाकडाची मूठभर राख होते. थाप मारायची तर जरा बरी तरी मारावी."

वहिनींनी पुढच्याला आत बोलावलं.

दुसरा लंबू. त्याच्या दोन बोटांना पट्टी होती.

"वाटी गरम आहे हेच विसरलो. उचलली आणि फुटली. पूड जमिनीवर. वजन झालंच नाही."

"कुणी ऐकलं?"

"काकूंनी भिंतीपलीकडून विचारलं, काय रे फुटलं?"

"सोयीस्कर आहे," भावोजी पुटपुटले.

तिसऱ्याला सगळे वक्ता म्हणत. हसरा, रुबाबदार. न अडखळता त्याने सांगितलं, "तापवल्यावर तांब्याचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होतो. काळं कॉपर ऑक्साइड तयार होतं."

"आणि वजन?"

"थोडं कमी भरलं. जळल्यावर हलकं होणारच ना."

"धूर झाला? काही सांडलं?"

"एक कणही नाही. अगदी सावकाश तापवलं. शेवटपर्यंत जागचा हललो नाही."

"याच्यावर काही बोट ठेवता येत नाही," बाहेर आल्यावर भावोजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी सगळ्यांना प्रयोगशाळेत बोलावलं. दाराशी इन्स्पेक्टर उभे होते, मॅडमचे यजमान खिडकीपाशी.

वहिनींनी तीच बाटली वक्त्यापुढे ठेवली. "परवासारखंच करून दाखवा."

लालसर पूड हळूहळू काळी पडली. वाटी गार झाली. मग त्याने ती काट्यावर ठेवली आणि आकड्याकडे पाहतच राहिला.

"वाचा ना मोठ्याने."

"जास्त... जास्त आहे."

"काकू खरं बोलल्या होत्या," वहिनी म्हणाल्या. "तांबं हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं, म्हणून जड होतं. धूर होऊन काही निघूनही जात नाही. कारण माहीत नसताना त्यांनी जे दिसलं तेच सांगितलं. लंबूची वाटी फुटताना ऐकल्याचं काकूंनीही नंतर सांगितलं, म्हणजे तेव्हा दोघंही आपापल्या खोलीत होते आणि बोटं भाजली म्हणजे वाटी तापली होती. तुम्ही मात्र ऑक्सिजन मिसळतो असं तोंडपाठ म्हणालात आणि लगेच वजन घटल्याचं सांगितलंत. भावोजींना जे वाटलं तेच तुम्हाला वाटलं. पूड न तापवताच सांगितलेलं वजन होतं ते. मग तेवढा वेळ कुठे होतात?"

भावोजी भलतेच गंभीर चेहऱ्याने छताकडे पाहू लागले.

"काटा बिघडलाय," वक्ता म्हणाला.

काकूंनी बाजूच्या खोलीतला काटा आणून ठेवला. त्यावरही वजन वाढलेलंच होतं.

त्याचे खांदे पडले. "मॅडमनी माझ्या बर्नरला हात लावून बघितला. गार होता. म्हणाल्या, प्रत्येक वेळी आकडे मनानेच लिहितोस, तुला मुलांसमोर उभं करणार नाही. मी विनवत जिन्यापर्यंत गेलो. ऐकेनात. हात कसा उचलला गेला, कळलंच नाही. मग कडी घातली."

"आणि हाक मारली नाहीस कुणाला," यजमान म्हणाले. इन्स्पेक्टर पुढे झाले.

चार दिवसांनी मॅडमनी डोळे उघडले. वहिनींनी बेताबेतानं सगळं सांगितलं.

"केला का त्याने प्रयोग शेवटी?" मॅडमनी क्षीण आवाजात विचारलं.

"केला. आमच्यासमोर."

"आकडा बघून काय म्हणाला?"

"काटा बिघडलाय, म्हणाला."

मॅडमनी मान भिंतीकडे वळवली. यजमानांनी त्यांचा हात हातात घेतला.