अठ्ठावीस पायांची गोम

चंद्राच्या दक्षिण ध्रुवावरच्या तळावर अकरा माणसं होती आणि हवा शुद्ध करणारं यंत्र एकच. त्या वायुशुद्धकाची झडप चालवणारे चारही सूक्ष्मनियंत्रक तीन दिवसांत एकामागून एक बंद पडले. साठवणीतली हवा बारा दिवस पुरणार होती. बाराव्या दिवशी तळ कायमचा सोडून यानाने पृथ्वीकडे निघायचं, असं तळप्रमुख मालिनी तुळपुळे यांनी जाहीर केलं. त्याआधी नवा नियंत्रक उभा राहिला तर गोष्ट वेगळी.

दुरुस्ती विभागात दोनच माणसं. विभागप्रमुख डॉ. विश्राम मोघे, ज्यांच्या नावापुढची पदव्यांची रांग दारावरच्या पाटीत मावत नसे. आणि मिरजेत सतरा वर्षं टीव्ही दुरुस्त करून इथवर पोचलेली त्यांची साहाय्यक रेहाना शिकलगार. माणूस चूक कबूल करण्याआधी चष्मा पुसतो, हे तिने गिऱ्हाइकांकडून शिकून घेतलं होतं. मोघे सकाळपासून चष्माच पुसत होते.

"बिघाड सापडलाय," ते म्हणाले. "कथिलकेस. शुद्ध कथिलाचा मुलामा दिला की त्यातून केसापेक्षा बारीक तंतू उगवतात. तापणं-थंडावणं चालू असलं की जोमाने. नियंत्रकाच्या चिपच्या दोन पायांत फट पाव मिलिमीटरची. चौदा महिन्यांत केस पलीकडे टेकला आणि विजेला आडवाट मिळाली."

"म्हणजे चार होते, पण चौघांचं वय एकच," रेहाना म्हणाली. "एका घाण्यातले, एकाच फटीचे. एक गेला की बाकीचे मागोमाग. याला जादाची सोय म्हणत होतो होय आपण?"

मोघेंनी चष्मा पुन्हा उतरवला.

नव्या नियंत्रकाची सर्किट-पाटी आता इथेच, हाताने बनवायची होती. प्रश्न उरला चिपच्या बांधणीचा. मोघेंनी कोठारातली चौकोनी चिप पुढे केली. नखाएवढी, चारी कडांना बारीक पाय, अत्यंत वेगवान. रेहानाने प्रात्यक्षिकांच्या पेटीतून दुसरी काढली. लांबट, काळी, दोन्ही अंगांना चौदा-चौदा पाय.

"ही गोम?" मोघे हसले. "रेहानाताई, हिला संग्रहालयात ठेवतात."

"झडप उघडायची नि मिटायची, सर. त्याला वेग कशाला? हिची फट एक मिलिमीटर, तुमच्यापेक्षा चौपट. म्हणजे केसाला पोचायला साडेचार वर्षं. आणि हाताने सोल्डर करताना दोन पाय एकमेकांना चिकटणार नाहीत. तुमच्या चौकोनावर माझा हात एकदा हलला, की अकरा माणसं घरी."

मालिनीबाईंनी दोघांचं ऐकलं आणि गोमीला कौल दिला.

तांबं चढवलेली पाटी मात्र एकच शिल्लक होती. तिच्यावर नेलपॉलिशने विजेच्या वाटा रंगवायच्या आणि उरलेलं तांबं आम्लाला खाऊ घालायचं. नेलपॉलिश मालिनीबाईंचं, गडद जांभळं. निदान रंगवायचं काम तरी आपलं, म्हणून मोघेंनी ब्रश घेतला. अक्षरासारखंच सुरेख काढलं. आम्लातून पाटी निघाली, भोकं पाडून झाली, रेहानाने चिप वर धरली आणि थांबली.

"सर, डावं उजवीकडे आलंय."

मोघेंनी पाटी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. आयुष्यभर त्यांनी चौकोनी चिपा वापरल्या होत्या. त्या तांब्याच्याच बाजूला बसतात. गोम बसते दुसऱ्या बाजूला, फक्त पाय भोकांतून तांब्याकडे येतात. तिचा नकाशा आरशातल्यासारखा उलटा काढावा लागतो. आणि दुसरी पाटी नव्हती.

"संपलं," ते म्हणाले.

"संपलं कुठं? गोमीला उचला नि तांब्याच्या बाजूने घाला. डावं आपोआप डावीकडे." तिने पाय भोकांत दाबले आणि उभ्या पायांमुळे अंगाखाली उरलेल्या ऐसपैस जागेत सोल्डरिंगचं टोक सारून एकेक पाय जागच्या जागी पक्का केला. "जागा सोडलेली असली की चुकीलाही वाट मिळते, सर."

नवव्या दिवशी झडप उघडली, मिटली, उघडली. हवेतला दूषित वायू उतरू लागला. मालिनीबाईंनी परतीचं उड्डाण रद्द केलं. जेवणघरात टाळ्या इतक्या वाजल्या की एकाचा सरबताचा पेला छताला लागून संथपणे खाली आला.

चौदाव्या दिवशी तळाबाहेर उभं असलेलं यान गप्प झालं. इंधन भरलेलं, दारं धड, आणि मुख्य संगणक ठार.

मोघे यानातून परतले ते कागद हातात घेऊन. चष्म्याला हात लावला नाही.

"घाणा तोच, फट तीच," ते सर्वांसमोर म्हणाले. "फक्त हे वायुशुद्धकानंतर दोन आठवड्यांनी सुरू झालं, म्हणून दोन आठवडे उशिरा मेलं. मी हिशेब करायला हवा होता. बाराव्या दिवशी निघालो असतो, तर आज प्रवासाचा तिसरा दिवस असता."

मालिनीबाईंनी पृथ्वीशी संपर्क जोडला.

त्याच घाण्यातल्या चिपांची सहा यानं पृथ्वीवर सज्ज उभी होती. त्यांतलं एक परवा सव्वीस जणांना घेऊन निघणार होतं. तासाभरात सहाही थांबवली गेली. नियंत्रण कक्षातून आवाज आला, "अहवालात नोंदवायचंय. नव्या नियंत्रकासाठी चिपची बांधणी कोणी निवडली? नाव आणि हुद्दा सांगा."

रेहाना सांगू लागली, "दुरुस्ती साहाय्यक..."

मोघेंनी ध्वनिग्राहक स्वतःकडे ओढला.

"रेहाना शिकलगार," ते खणखणीत आवाजात म्हणाले. "दुरुस्ती विभागप्रमुख. आणि साहाय्यकाच्या रकान्यात मोघे लिहा."