चौकोनी लाट

सेवुन बाजाराच्या तिसऱ्या मजल्यावर माझं इलेक्ट्रॉनिक यंत्रांच्या दुरुस्तीचं दुकान आहे आणि शेजारी बोंग दुसिकचं. तंत्रशाळेत तो माझ्याच वर्गात होता. शिकला मात्र शून्य. विजेच्या चौकोनी, त्रिकोणी आणि गोलसर लाटांचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही, असं तो गिऱ्हाइकांना बिनदिक्कत सांगायचा. लोक ऐकायचेही.

परवा दुपारी तो माझ्यासमोरच्या स्टुलावर येऊन बसला.

"गिसोक, जरा तपास ना मला. अधूनमधून मी... नसतो."

"होतास कधी?"

तो हसला नाही. विजेची लाट पडद्यावर दाखवणाऱ्या स्कोपच्या सळईचं टोक त्याने बोटाने दाबलं. सळई चालू आहे का, हे आम्ही सगळे असंच बघतो; आसपासच्या तारांमधून अंगात शिरलेली विजेची गुणगुण पडद्यावर वेडीवाकडी डोलते. अडाण्याच्या अंगातलीसुद्धा.

दुसिकची डोलेना. वर सपाट, मग खाली सपाट. कोपरे सुरीने कापल्यासारखे.

"खिशात काय लपवलंयस?"

त्याने खिसे उलटे करून दाखवले. लाट संथ होत गेली. रेषा खाली गेली की स्टूल रिकामं. वर आली की त्यावर दुसिक, घामाने डबडबलेला.

मला भीती वाटली आणि त्याच्यासारख्या माणसामुळे वाटली म्हणून रागही आला. तरी मी त्याचं मनगट धरलं. वीज साठवणाऱ्या कपॅसिटरला रोधकातून चौकोनी लाट दिली की त्यावर ती त्रिकोणी होते, कारण त्याला भरायला आणि रिकामं व्हायला वेळ लागतो. माझं अंगच कपॅसिटर झालं आणि पडद्यावर तेच झालं. दुसिक आता एकदम जात नव्हता. फिकट व्हायचा आणि परत भरायचा.

"बघ, गाढवा! चौकोनातूनच त्रिकोण निघतो. वीस वर्षं काय सांगतोय मी?"

"पटलं. पण हात सोडू नकोस रे."

मला आकृती वहीत उतरवायची होती. उद्या हा नाही म्हणाला असता. मी पेन घ्यायला हात सोडला.

रेषा खाली गेली.

वर आली नाही.

मी दुसरी सळई थोडा वेळ दाबून धरली. माझी रेषा वर होती, अगदी सपाट.

मग स्कोपने साठवलेली दोन्ही रेषांची नोंद मागे नेऊन पाहिली. हात सोडल्यापासून मी वर, तेव्हा तो खाली. तो वर, तेव्हा मी खाली, म्हणजे तेव्हा मीच नसतो.

तेव्हापासून ते स्टूल मला रिकामंच दिसतं. आज सकाळी वहीत माझ्या आकृतीखाली त्याचं गचाळ अक्षर होतं. शाई ओली होती.

"हात पुढे करून बसलोय. तू कधी येतोस?"