कुर्र्र कुठं गेलं?

"धप! धप! धपाधप! आई गं, हळू मार!"

तबकडीतून एवढंच ऐकू आलं आणि अकरा वर्षांच्या चार्वीनं कपाळावर हात मारला. "आत्या, यात नुसता तुझा मार आहे! नाव कुठंय?"

"सांगितलं होतं गं," कुंदाआत्या पाठ चोळत म्हणाली. "वरवंट्याच्या कानात कुर्र्र केलं, मग हळूच 'वरवंटराव' म्हटलं. गेलं कुठं?"

सन २०६८. सांगलीत चार वाजता चार्वीच्या धाकट्या भावाचं बारसं होतं, आणि सकाळी ही रंगीत तालीम चालली होती. बाळाच्या जागी टोपडं घातलेला वरवंटा! आत्यानं कानात नाव सांगितलं की पोरांनी तिच्या पाठीत बुक्के घालायचे असतात. चार्वीनं तालमीतही कसर ठेवली नव्हती.

बाबा मंगळावर पाणी शोधायला गेलेले. बाळाला त्यांनी पाहिलंही नव्हतं. सूर्यावरच्या वादळानं रेडिओ ठप्प. चिप पाठवावी, तर वाटेतले किरण तिच्यावरचं सगळं पुसून टाकणार. तबकडीत कोरलेली खाच मात्र कोण पुसणार? रेडिओ बंद पडण्याआधी बाबांचा शेवटचा निरोप आला होता: 'नाव बाळाला सांगाल तस्संच ऐकवा मला. त्याच कुजबुजीत.' मंगळाच्या यानापर्यंत टपाल नेणारं ड्रोन पाच वाजता येणार होतं. हे यान चुकलं, तर पुढचं थेट सव्वीस महिन्यांनी!

म्हणून आत्यानं दीडशे वर्षांपूर्वीसारखं, आवाज तबकडीत कोरणारं कर्ण्याचं यंत्र ठोकून बनवलं होतं.

"मी आता कर्ण्यात ओरडूनच सांगते," आत्या म्हणाली आणि ओरडली, "कुर्र्र्र!"

लावून बघितलं, तर घाटात ट्रक बंद पडल्यासारखं वाटलं.

"बाबा घाबरतील," चार्वी म्हणाली. "आणि बाळ तर त्याआधीच उठून बसेल. आधी सांग, हे चालतं कसं?"

"कर्णा आवाज गोळा करतो. त्याच्या टोकाला पडदा (आवाजानं थरथरणारी पातळ चकती) आहे. पडद्याला सुई जोडलीय. पडदा हलला की सुई हलते आणि मऊ तबकडीत नागमोडी खाच कोरते."

"म्हणजे कोरायची मेहनत कोण करतं?"

"आवाजच की! म्हणून तर तेव्हाचे गायक कर्ण्यात तोंड घालून ताणून गायचे. नाजूक वाद्यं बिचारी ऐकूच यायची नाहीत."

चार्वीचे डोळे चमकले. "मग बरोबर आहे! बुक्के म्हणजे बैल. ओढला त्यांनी नांगर. कुजबुज म्हणजे मुंगी. मुंगीला नांगराला जुंपून कसं चालेल? आत्या, तिला ट्रॅक्टरवर बसवू या ना! तिनं नुसतं वळवायचं, जोर ट्रॅक्टर लावेल."

आत्या थबकली. मग तिनं चार्वीचा गालच ओढला. "कार्टे! १९२५च्या सुमाराला लोकांनी हेच केलं. आणि तो ट्रॅक्टर म्हणजे वीज!"

मग काय, कपाटं उपसली गेली. आत्यानं एक माइक काढला. "यातही पडदा आहे, पण त्याला सुई ओढायची नाही. मागं तारेचं हलकं वेटोळं आहे, लोहचुंबकाजवळ. पडदा हलला की वेटोळं हलतं आणि तारेत वीज होते."

"किती?"

"चिमूटभरसुद्धा नाही! म्हणून हा विवर्धक (बारीक वीज घेऊन तशीच, पण जोरदार करून देणारं यंत्र). त्याला ताकद बॅटरी देते. ती जोरदार वीज जुन्या स्पीकरला द्यायची. स्पीकर हलेल तशी त्याला चिकटवलेली सुई हलेल. आता कोरून दाखव म्हणावं!"

"आणि बुक्के?"

"ते इतके जोरदार होतील, की सुई उडून सांगली पार करेल. बेतानं मार, बाई."

चार वाजता पाळणा सजला. आईनं बाळाला ठेवलं, आत्या वाकली, माइक बाळाच्या उशाशी. सगळं घर गप्प. आत्याचे ओठ हलले, पण दोन हातांवरच्या चार्वीलासुद्धा काही ऐकू आलं नाही. ती बुक्के घालायला धावली आणि, चमत्कारच, बेतानं मारले.

पावणेपाच. तबकडी लावली. खरखर... खरखर... चार्वीनं श्वास रोखला.

"कुर्र्र... सारंग."

आणि त्यानंतर, कुणालाच तेव्हा ऐकू न आलेला, बाळाचा एवढासा "अंगू". मग धप, धप. आईनं पदर डोळ्याला लावला.

तेवढ्यात ड्रोन अंगणात उतरलं. आत्यानं तबकडी आणि ती वाजवायचं कर्ण्याचं यंत्र डब्यात ठेवलं.

"आत्या, मंगळावर वारा वाहतो?"

"वाहतो. पण हवा अगदी विरळ, त्यामुळे आवाज फार बारीक."

"मुंगीएवढा?"

आत्यानं तिच्याकडे बघितलं. मग पटकन माइक, विवर्धक, सुई चिकटवलेला स्पीकर आणि एक कोरी तबकडी डब्यात कोंबली. चार्वीनं वर चिठ्ठी ठेवली: 'बाबा, आता तुमची पाळी.'