न जुळणारी चौकट

सुया एकीकडे, लोकरीचा गुंता दुसरीकडे आणि मधोमध मान खाली घालून बसलेली सहा वर्षांची पोर! नव्या आईने घाईने विणकाम उचलून पाहिलं. नवऱ्यासाठी विणायला घेतलेला पहिलाच स्वेटर... पाठ पुरी झाली होती, पुढचा भागही छातीपर्यंत आला होता, आणि पोरीने तो पार बॉर्डरपर्यंत उसवून ठेवला होता.

बेकरीतून दमून आलेल्या बापाचा तोल सुटला. शाळेत बाई म्हणतात, पोर नुसती फरशीकडे बघत बसते; आता घरात दुस्वासही करायला लागली! उद्याच हिला आत्याकडे पोचवतो, असं त्याने ठरवूनच टाकलं.

नवी आई हादरली. वर्षभर ती या लेकराच्या मायेची वाट बघत होती... आता सावत्रपणाचा शिक्का कायमचा बसणार!

"तिला नका बोलू," ती कळवळून म्हणाली, "माझ्याच हातून सुटलं म्हणा."

तेव्हा पोर पुटपुटली, "चौकट पुरी होत नव्हती."

कुणाला काही कळेना. मग तिने पाठ जमिनीवर पसरली. इथे कडेला नक्षीची अर्धी चौकट आहे, पुढच्या भागाला मात्र पावच होती; शिवल्यावर ती तुटकीच दिसणार; बॉर्डरनंतर दोन्ही कडांना दोन-दोन टाके वाढवायला हवेत, असं तिने अगदी सहज सांगितलं.

नव्या आईने टाके मोजले. अगदी खरं होतं!

बाप खालीच बसला. "शाळेत फरशीत काय बघतेस गं?"

"तिथे दर तिसरी फरशी काळी आहे. भिंतीपाशी गेलं की चुकते. कुठे चुकली ते शोधते."

इतके दिवस जिला आपण मठ्ठ समजलो... त्याचे डोळे भरून आले.

"पण सांगायचं ना बाळा, उसवलंस कशाला?"

"तुम्ही घालून गेला असता, तर लोक नव्या आईला हसले असते."

नव्या आईने पोरीला जवळ ओढलं. पिठाने माखलेल्या बाहीने डोळे पुसत त्याने बायकोकडे पाहिलं. आत्याचं नाव पुन्हा निघालं नाही.

नवी आई पुन्हा विणायला बसली, तशी पोर तिच्या मांडीला टेकून टाक्यांवर नजर ठेवू लागली.

"थांब! लक्ष कुठंय तुझं?" पोरीने दटावलं.

नवी आई थांबली... लेकरं असं फक्त आपल्या हक्काच्या आईलाच दटावतात.