रिकाम्या खुर्चीतून आलेलं ‘हो’

हे मी कुणाला घाबरवायला लिहीत नाहीये. घडलं ते सांगतेय. पटत नसेल तर इथेच थांबा, माझा राग नाही. माझ्यावर विश्वास न ठेवणाऱ्यांत आमचं अख्खं ऑफिस आहे, त्यात तुमची भर.

रात्र नव्हती. अमावास्या नव्हती. फिजीतल्या सुवा शहरातली जुलैची एक दुपार होती. बाहेर नेहमीची रिपरिप चालू होती आणि मी डब्यातली रोटी आणि टिनच्या माशाचं कालवण संपवून नुकतीच कामाला बसले होते.

मी तेव्हा विद्यापीठात विद्यार्थी-कल्याण सल्लागार होते. किरिबाती, तुवालू, टोंगा… कुठून कुठून पोरं शिकायला येतात. घरापासून लांब राहून खचतात. त्यांच्याशी बोलायचं, हे माझं काम. पूर्वी पोरं आमच्या खोलीत यायची. समोर वेताची खुर्ची होती, तिच्यात बसायची. आम्ही चहा द्यायचो, गप्प बसायचो. उशिरा का होईना, पोरगं बोलायचं.

मग ब्रिस्बेनहून ब्रॉनविन मॅडम आल्या, आमच्या प्रमुख म्हणून.

भेटी बंद झाल्या. सगळं फोनवर. ठरलेले प्रश्न विचारायचे. समोरून आवाज आला नाही तर ‘संपर्क झाला नाही’ असं कॉम्प्युटरमध्ये टाकायचं आणि केस बंद करायची.

माझा सहकारी विलियामे मीटिंगमध्येच म्हणाला, “मॅडम, आमची पोरं तोंडाने हो म्हणत नाहीत. भुवया उडवतात. फोनवर मी काय त्यांचं कपाळ ऐकू?”

सगळे हसले. मॅडमही हसल्या.

“मग त्यांना बोलायला शिकू दे की, विली. उद्या नोकरीच्या मुलाखतीत भुवया चालणार आहेत का?”

विलियामे खरंच सांगत होता. आमच्या बेटांवर भुवया वर गेल्या की ते ‘हो’ झालं. फोन कानाला असला तरी माणसं तेच करतात. समोरच्याला दिसत नाही हे लक्षातच येत नाही. मी स्वतः करते.

गेल्या वर्षी तेकिआऊ नावाच्या मुलाला विलियामेने फोन केला होता. किरिबातीतल्या तारावाचा मुलगा, लाजाळू, वर्गात मागे बसणारा. विलियामेने सगळे प्रश्न विचारले. समोरून नुसता श्वास. नियमाप्रमाणे केस बंद झाली.

दोन दिवसांनी त्याच्या खोलीचं दार तोडावं लागलं.

शेजारच्या खोलीतल्या मुलाने नंतर सांगितलं. त्याने तेकिआऊला फोनवर बघितलं होतं. तोंडातून शब्द नाही, पण भुवया सारख्या वर जात होत्या. मित्राशी बोलत असेल असं त्याला वाटलं.

नियम मॅडमचा होता. नोकरी गेली विलियामेची. ‘पाठपुरावा कमी पडला’ म्हणे. तो आता तावेउनी बेटावर भावाच्या शेतात दालोचे, म्हणजे अळूचे कंद लावतो. जाताना मला म्हणाला, “शैल, तो मला हो म्हणत होता गं. प्रत्येक प्रश्नाला.”

मॅडमनी त्या महिन्यात कल्याण सप्ताह साजरा केला. पिवळे फुगे लावले, केक कापला. माझा तुकडा मी तसाच कचऱ्यात टाकला.

आणि या वर्षी तेकिआऊची धाकटी बहीण त्याच हॉस्टेलवर आली. रूटी तिचं नाव. घरातून दुसरं कुणी शिकणारं नव्हतं, म्हणून तिला पाठवलं.

त्या दुपारी मॅडमनी मला रूटीला फोन करायला सांगितलं. पोरगी आठवडाभर वर्गात आली नव्हती.

“मी हॉस्टेलवर जाऊन येते ना,” मी म्हटलं. “इथून पाच मिनिटं.”

“शैलेशनी, खोल्यांवर जाणं सिक्युरिटीचं काम आहे. आपण नियम पाळू या.”

मी दार लावलं. फोन स्पीकरवर टाकला. आमचे सगळे फोन आपोआप रेकॉर्ड होतात.

“रूटी, मी शैल मिस बोलतेय. ऐकू येतंय ना?”

पलीकडे नुसता पत्र्यावर पडणारा पाऊस.

मग आवाज आला. “हो.”

मुलाचा आवाज होता. घोगरा, हळू. कुणीतरी बरोबर असेल, मित्र असेल. मला बरंच वाटलं.

“जेवण जातंय का, बाळा? की नाही जात?”

“नाही.”

“झोप? लागत नाही ना?”

“हो, मिस.”

“रूटी, तुझ्याबरोबर कोण आहे?”

कुणी बोललं नाही. पण पलीकडचा पाऊस… थांबला होता. पाऊसच नाही, काहीच ऐकू येत नव्हतं. लाइन कट झाली असेल म्हणून मी फोन उचलून पाहिला. चालू होता.

आणि माझ्या समोरची वेताची खुर्ची करकरली.

कुणी बसल्यावर वेत दबतो ना, तशी.

खुर्ची रिकामी होती. मी तिच्याकडेच बघत होते.

पुढचा प्रश्न मला पाठ होता. तो विचारायचं मनात नव्हतं, पण तोंडातून गेलाच.

“रूटी… जीव द्यावासा वाटतो का?”

फोनमधून काहीच आलं नाही.

“हो.”

ते फोनमधून आलं नव्हतं. ते खुर्चीतून आलं होतं. हाताच्या अंतरावरून.

मग एकदम घाईत, अगदी जवळ, “मिस, उठा ना.”

मी उठले. चप्पल एका पायात होती की दोन्ही, आठवत नाही. चिखलातून हॉस्टेल गाठलं. सायमोने नावाचे सिक्युरिटीवाले काका मागून ओरडत होते, “अगं पास दाखव, मॅडम मला खातील.” मी म्हटलं, “खाऊ द्या. किल्ली आणा.”

रूटी जमिनीवर बसली होती. फोन कानाला तसाच धरलेला. शेजारी काय ठेवलं होतं ते मी लिहिणार नाही. ते मी उचललं आणि काकांच्या हातात दिलं.

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. दार आतून बंद होतं.

मी तिच्या जवळ बसले. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “मिस, मी सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली.”

“कशी दिलीस, बाळा?”

तिने दाखवलं. भुवया वर.

मी रडले. ती पण रडली. काका दारात उभे राहून टोपी चुरगाळत होते. डॉक्टर येईपर्यंत मी तिचा हात सोडला नाही. ‘तुझा भाऊ बोलला माझ्याशी’ हे तोंडाशी आलं होतं. नाही सांगितलं. आता ती घरी आहे, आईजवळ. कधीमधी फोटो पाठवते, मासे वाळत घातल्याचे.

दुसऱ्या आठवड्यात मॅडमनी मला बोलावलं. रेकॉर्डिंग लावलं.

त्यात माझा आवाज होता. माझे प्रश्न होते. मध्ये पाऊस. बाकी काहीच नव्हतं… ‘तुझ्याबरोबर कोण आहे’ असं मी भिंतीला विचारत होते.

“समोरून एक शब्द नाही,” मॅडम म्हणाल्या. “संपर्क झालेला नाही. तू कशाच्या आधारावर गेलीस?”

“पोरगी जिवंत आहे, मॅडम.”

“त्याचा आनंद मलाही आहे. पण हा नशिबाचा भाग झाला. तुला विश्रांतीची गरज आहे.”

विश्रांती म्हणजे ओळखपत्रांचं काउंटर. तिथे मी आता फोटो काढते. पोरांना म्हणते, हनुवटी वर, भुवया खाली. माझ्या कामाची पण थट्टाच झाली.

मी सगळं मॅडमना सांगितलं नाही, असं नाही. सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि मला एका समुपदेशकाचा नंबर दिला. फोनवरच्या.

माझ्या जुन्या खोलीत आता प्रेश्मा नावाची नवीन मुलगी बसते. हुशार आहे, घाईची आहे, मॅडमची लाडकी. मघाशी कँटीनमध्ये भेटली. चहा ढवळत म्हणाली, “दीदी, तुम्ही उगाच म्हणायच्या पोरं बोलत नाहीत. माझ्याशी तर बोलतात.”

माझा हात थांबला.

“काय बोलतात?”

“हो म्हणतात. शेवटच्या प्रश्नाला तर हमखास. मी तसं लिहून वर पाठवते, पण मॅडम म्हणतात रेकॉर्डिंगमध्ये काहीच नाहीये, मशीन बिघडलंय. मग बंद करतात केस.”

“आणि तू? उठून बघायला जातेस?”

“सिक्युरिटीचं काम आहे ना ते.” मग ती हसली. “काल तर गंमतच झाली. मी नंबर पण लावला नव्हता, त्याच्या आधीच ‘हो’ ऐकू आलं. दोनदा. फार घाईत.”

“कुणाला लावत होतीस फोन?”

तिने जरा आठवून बघितलं.

“नाव नाही लक्षात, दीदी. केस बंद झाली ना.”

मी कपबशी तिथेच टाकली. आत्ता हॉस्टेलच्या पायऱ्यांवर बसून हे लिहितेय. काका वरच्या मजल्याच्या किल्ल्या आणायला गेलेत. खालचं एकेक दार आम्ही वाजवलं… आतापर्यंत सगळी उघडली आहेत. वरचा मजला राहिलाय.